‘१०० टक्के लाभांश’ : तळटीप

* हे १०० टक्के दर्शनी किमतीवरचे, म्हणजे १० रुपयांच्या शेअरला १० रुपये. तोच शेअर बाजारात ५०० ला घेतला असेल तर हाती पडतात जेमतेम २ टक्के. दहा वर्षांत लाभांश १० वरून १६ रुपयांवर गेला, यावर लेखक खूश दिसतात. पण ही वाढ वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपासच भरते. महागाई ६ टक्के धरली, तर नुसते तिच्या बरोबरीने राहायलाही १८ रुपयांच्या घरात लाभांश हवा होता. पुढची सेन्सेक्सशी तुलनाही जपूनच घ्यावी. १९७८-७९ साली १०० धरलेला हा निर्देशांक फक्त भाव मोजतो. लाभांश धरणारा ‘एकूण परतावा निर्देशांक’ वेगळा. म्युच्युअल फंडांची तुलना त्याच्याशीच करण्याचे बंधन सेबीने २०१८ मध्ये घातले. — संपा.