पॅड बांधून बसलेली माणसं

माणसाला एखादा तरी नाद असतोच. आमच्या शाखेतले रोखपाल तंबाखू मळतात, शिपाई दर तासाला चहा पितो आणि साहेब बदलीची वाट बघतात. मी मात्र गेली पस्तीस वर्षं एका क्रिकेट संघाचा कारभार बघतोय. हा संघ आजतागायत एकाही मैदानावर उतरलेला नाही. त्यामुळे पावसानं सामना बुडत नाही, पंचांशी वाद होत नाही आणि खेळाडूंच्या बायका माझ्याशी भांडायला येत नाहीत. भांडायला आमची एकटी ही आहे, आणि ती पुरेशी आहे.

या संघाचा इतिहास श्रीरामपुरात, इयत्ता पाचवीच्या शेवटच्या बाकावर सुरू होतो. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. दोन, चार, सहा म्हणजे तेवढ्या धावा, आठ म्हणजे एक, शून्य म्हणजे गडी बाद. पुस्तक नसेल तर षटकोनी पेन्सिलीच्या सहा बाजूंवर आकडे कोरून ती बाकावर घरंगळायची. जगातलं सगळ्यांत स्वस्त स्टेडियम ते! पुढे कॉमर्सला संख्याशास्त्र शिकलो आणि पहिल्यांदा हिशेब मांडला. पाच आकड्यांत एक शून्य. म्हणजे गडी बाद होण्याआधी सरासरी चार वेळा पुस्तक उघडणार आणि प्रत्येक वेळी सव्वातीन धावा मिळणार. एकूण तेरा. गावसकर असो की चंद्रशेखर, पुस्तक दोघांनाही तेराच धावा देतं. एवढी समता राज्यघटनेलाही साधलेली नाही.

अर्थात समता आली की तिला फसवणारेही येतात. बुककीपिंगचं पुस्तक 'घसारा' या प्रकरणावर आपोआप उघडतं, हे माझ्या धाकट्या चुलतभावाच्या लक्षात आलं. त्या पानाचा शेवटचा आकडा सहा होता. त्यानंतर त्याचा संघ तीन महिने बाद झाला नाही. माझी मात्र घसाऱ्याशी तेव्हा जी ओळख झाली ती जन्मभर टिकली.

हरायला लागला की हाच चुलतभाऊ 'आई बोलावतेय' म्हणून उठायचा. हा प्रकार मी बालिश समजत होतो. मग कळलं की त्याला मोठी ऐतिहासिक परंपरा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या जागतिक विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी होत्या. जेवणाची सुट्टी झाली, आणि काठियावाडच्या कर्णधारानं सामना तिथंच सोडून दिला. संघ सामान घेऊन निघून गेला. निंबाळकर जेवून उठले तर गोलंदाजच नाहीत! या गृहस्थांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. माझ्या वहीत मात्र त्यांनी १९९२ च्या मे महिन्यात, आमच्या ओसरीवर, त्या उरलेल्या नऊ धावा काढल्या. भूगोलाच्या पुस्तकावर दोन, सहा आणि आठ. सही शिक्क्यासह नोंद आहे.

आणि इथूनच माझ्या वहीचं खरं काम सुरू झालं. ज्यांना निवड समितीनं बोलावलं नाही त्यांना मी बोलावू लागलो. पहिले पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी शून्य. कारण काय, तर त्याच काळात बिशनसिंग बेदी नावाचा दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज संघात होता. तिकडे हरियाणाचे राजिंदर गोयल. रणजीत सहाशेहून अधिक बळी, कसोटी तीही शून्य. एका जागेसाठी तीन उमेदवार, तिघेही पात्र! बँकेत असं झालं असतं तर युनियननं निदान दारात घोषणा तरी दिल्या असत्या. माझे वडील शिवलकरांचे भक्त. मी त्यांना वहीतला संघ दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, शिवलकरांच्या नावापुढे स्वतःच्या पेनानं 'कसोटी क्र. १' लिहिलं, आणि गणितात मला बेचाळीस मार्क का पडले हे विचारायचं त्या दिवशी विसरले.

वडील आता नाहीत. ३ मार्च २०२५ ला शिवलकरही गेले. बातमी वाचली तेव्हा मार्चअखेरचा गोंधळ चालू होता. घरी आल्यावर माळ्यावरून वही काढली. शाई फिकट झालीय, पण 'क्र. १' वाचता येतं.

वहीनंतर संगणक आला. 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' नावाचा खेळ १९९८ साली निघाला, आणि तो माझ्यासारख्याच्याच कुणीतरी केला असावा. कारण त्यात बॅट हातात घ्यायचीच नाही. संघ निवडायचा, पगार ठरवायचे, एक हंगाम संपला की दुसरा सुरू. थोडक्यात, बँकच! मी डर्बीशायर ही इंग्लिश काउंटी घेतली आणि सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून तिचा कारभार बघितला. (बँकेच्या संगणकावर मी कधीही खेळलो नाही, हे लेखापरीक्षकांच्या माहितीसाठी नमूद करतो.)

या खेळात खेळाडू म्हातारे होतात. पस्तिशीकडे झुकले की आकडे घसरू लागतात. काही सरळ रेषा पद्धतीनं, दरवर्षी सारखे. काही घटत्या शिल्लक पद्धतीनं, आधी धाडकन आणि मग हळूहळू. शहाणा व्यवस्थापक त्यांना वेळेवर काढतो. मला ते कधी जमलं नाही. 'नावलौकिक' ही सुद्धा मालमत्ताच असते, असं कॉमर्सला शिकवलं होतं. त्या तत्त्वावर मी चाळिशीच्या लोकांना खेळवत राहिलो आणि डर्बीशायर तळाला गेलं.

मग 'क्रिकेट ०७' आला. त्यात भारतीय संघाचे हक्क घेतलेले नव्हते, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं अशी मोडतोड करून घातलेली की सख्ख्या आईनं ओळखू नये. दोन रविवार बसून मी एकेक नाव दुरुस्त केलं. ग्राहकांची केवायसी मी इतक्या प्रेमानं कधी केलेली नाही. त्यात आमचा जहीर खान होता ना! श्रीरामपूरचा, माझ्यापेक्षा थोडासाच मोठा. 'मी जहीरला खेळलोय' म्हणणारी माणसं श्रीरामपुरात मोजली, तर तो शाळेत कधी जात होता असा प्रश्न पडतो. मी त्याला कधीच खेळलो नाही, म्हणून आज स्वतःच्या दातांनी ऊस खातो. पुढे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे आला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडिलेडला सगळा संघ ३६ धावांत गुंडाळल्यावर त्याच्याच हाती सूत्रं आली, मेलबर्नला त्यानं ११२ काढल्या आणि आपण मालिका २-१ जिंकून आलो. माझ्या संगणकावर मी त्याला सातव्या क्रमांकावर खेळवत होतो. निवड समित्या चुकतात, त्यात माझीही आली.

पण माझा सगळ्यांत लाडका खेळाडू अमोल मुजुमदार. १९८८ साली सचिन आणि कांबळी शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा पोरगा पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. पुढे रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत एकूण अकरा हजारांच्या वर, आणि कसोटी? तुम्हाला उत्तर माहीत आहे. अधिकारीपदाच्या यादीत माझं नाव नाही असं कळलं की, दर वेळी मी त्या रात्री मुजुमदारला कसोटीत चौथ्या क्रमांकावर पाठवतो. त्याची माझ्याकडे एकतीस शतकं आहेत. त्यावरून माझ्या बढतीचा इतिहास कुणीही काढू शकेल.

अमेरिकेत रॉबर्ट कूवर यांची १९६८ सालची एक कादंबरी आहे. तिचा नायक रात्ररात्र फासे टाकून कल्पनेतली बेसबॉल लीग चालवतो, आणि त्यातला लाडका खेळाडू फाशांमुळेच मरतो तेव्हा खचून जातो. हा नायक पेशानं हिशेबनीस! मी हिला म्हणालो, "बघ, जगभर आमची जमात आहे." ही म्हणाली, "त्याची नोकरी राहिली का?" मी विषय बदलला.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यांचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार. सदतीस वर्षांपूर्वी पॅड बांधून बसलेला माणूस दूरदर्शन संचावर डोळे पुसत होता, असं मला दिसलं. पण तेव्हा माझ्याच डोळ्यांचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगा संगणकावर नवा संघ करत होता. आतून ओरडला, "बाबा, तुम्हालापण घेतलंय!"

"कितव्या नंबरवर?"

"पाचव्या. पॅड बांधून बसा."