वरळी, पहाटे साडेपाच

मुंबईतल्या हिंदमाताहून पश्चिमेला वरळी, पूर्वेला शिवडी कोर्ट. ७ जुलै २०२४ चं बीएमडब्ल्यू धडकेचं प्रकरण या पट्ट्यातलंच. पुढचा क्रम पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे. दोष ठरवणं न्यायालयाचं काम.

शनिवार, ६ जुलै, रात्री ११. जुहूच्या बारमध्ये चार मित्र, समोर व्हिस्की. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं. चौघांपैकी एक पालघरच्या राजकीय नेत्याचा मुलगा, त्याचं झालेलं नव्हतं.

रात्री दीड. सगळे मर्सिडीजमधून बाहेर पडले. गाडी ड्रायव्हरकडे होती, म्हणजे इथवर शहाणपण शाबूत होतं. बोरिवलीत मर्सिडीज ठेवून बीएमडब्ल्यू घेतली आणि मरीन ड्राइव्हचा फेरफटका ठरला.

पहाट, गिरगाव चौपाटी. मालकाचा मुलगा स्टिअरिंगवर, ड्रायव्हर शेजारी. पगारी माणूस मालकाला नाही कसं म्हणणार? तरी रात्रीतली सावरायची शेवटची संधी हीच होती.

साडेपाच. डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर मासळी घेऊन वरळी कोळीवाड्याकडे निघालेलं जोडपं स्कूटरवर होतं. गाडीनं मागून धडक दिली. नवरा बाजूला फेकला गेला. पंचेचाळीस वर्षांची बायको गाडीला अडकली आणि दीड किलोमीटरहून जास्त फरफटत गेली. सी लिंकजवळ तिला खाली काढून मुलगा आणि ड्रायव्हरनं जागा बदलल्या. गाडी मागे घेतली, ती तिच्या अंगावरून गेली. मग कलानगर, तिथे गाडी सोडली.

साडेसात. दोन तासांना कायद्यात वजन आहे, पण ते धडकेपासून नव्हे, अटकेपासून मोजतात. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली, तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी करावीच लागते, नाहीतर सोडावं लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पण तपासायला माणूस कुठे होता?

सोमवार. अटक झालेल्या वडिलांना शिवडी कोर्टात १५,००० रुपयांवर जामीन. मुलगा बेपत्ता.

मंगळवार. मुलाला विरारला अटक. धडकेला दोन दिवस उलटून गेलेले. इतक्या वेळानं रक्तात दारू उरत नाही. पळण्यानं एक पुरावा गेला खरा, पण 'हा पळतो' हा मुद्दा जामिनाच्या विरोधात कायमचा उभा राहिला. बचाव म्हणून हा सौदा मला तोट्याचाच वाटतो.

पुढे बचाव पक्षानं वेगळीच बाजू धरली: अटकेची कारणं लेखी दिलीच नाहीत. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मुलाच्या 'मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिला. गुन्हा कोणताही असो, कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची; तत्काळ जमत नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यायचा. नियम तिथून पुढच्या अटकांना. बीएमडब्ल्यूतून निघालेल्या प्रकरणाचा उपयोग टॅक्सीवाल्यालाही होईल, हे विचित्र, पण चांगलंच.

तेव्हा प्यायला असाल तर टॅक्सी करा. नाकाबंदीत सापडलातच, तर पळू नका. तपासणी होऊ द्या, अटकेची कारणं मराठीत लेखी मागा, वकिलाला बोलवा. परवडत नसेल तर रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटला सांगा. वकील सरकारी खर्चानं मिळतो.