दिल्ली : वास्तूंतून वाचावी अशी राजधानी

दिल्लीने जितके राज्यकर्ते पाहिले, तितकी अन्य शहरे क्वचितच पाहिली असतील. येथील ऐतिहासिक वास्तू भव्य आहेत, परंतु त्यांचे मोल केवळ भव्यतेत नाही. प्रत्येक सत्तेने आधीच्या सत्तेचे काहीतरी मोडले, काही वापरले आणि काही जपले. त्या खुणा ओळखत फिरल्यास तीन-चार दिवसांत सुमारे आठशे वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

कुतुबमिनार

भटकंतीचा आरंभ दक्षिणेकडील मेहरौलीपासून करावा. कुतुबुद्दीन ऐबकाने बाराव्या शतकाच्या अखेरीस आरंभलेला हा मिनार अल्तमशने वाढविला. पुढे वीज पडून झालेल्या हानीनंतर फिरोजशहा तुघलकाने 1368 मध्ये वरचे मजले बांधले. मिनाराची उंची सुमारे 72.5 मीटर आहे. शेजारच्या मशिदीसाठी 27 मंदिरांचे साहित्य वापरल्याचा उल्लेख तेथील फारसी शिलालेखातच आहे. कोरीव स्तंभ पाहताच त्याची खात्री पटते. प्रांगणातील गुप्तकालीन लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांनंतरही फारसा गंजलेला नाही.

हुमायूनची कबर

सोळाव्या शतकात उभारलेली ही वास्तू ताजमहालाची पूर्वसुरी मानली जाते. 1857 च्या उठावानंतर बहादूरशहा जफर याने येथेच आश्रय घेतला आणि येथेच तो इंग्रजांच्या हाती सापडला. फाळणीनंतर या बागेत निर्वासितांच्या छावण्या होत्या. दीर्घकाळ चाललेले जीर्णोद्धाराचे मोठे काम 2013 मध्ये पूर्ण झाले. 2024 मध्ये येथे भूमिगत संग्रहालयही सुरू झाले.

लाल किल्ला

शहाजहानने 1639 ते 1648 या काळात बांधलेला हा किल्ला मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा. दिवाण-ए-खासमधील मयूरासन 1739 मध्ये नादिरशहाने नेले. त्यानंतर पानिपतच्या मोहिमेत, 1760 मध्ये, पैशांची चणचण भासल्याने सदाशिवरावभाऊंनी याच दालनाच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. आज दिसणारे छत नंतरचे आहे. किल्ल्याची सर्वाधिक हानी मात्र 1857 नंतर झाली. इंग्रजांनी आतील बहुसंख्य इमारती पाडून तेथे लष्करी बराकी उभारल्या. त्यांपैकी काही बराकींत 2019 पासून 1857 चा संग्राम, जालियनवाला बाग आणि आझाद हिंद सेना यांवरील संग्रहालये आहेत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला 1945 मध्ये याच किल्ल्यात चालला होता.

संग्रहालये आणि स्मारके

जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत 1960 मध्ये खुली झाली. मोहेंजोदडो येथील नर्तकीची कांस्यमूर्ती हे या संग्रहाचे भूषण होय. तिची उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर आहे, हे वाचून गेलेल्यालाही आश्चर्य वाटते. गांधी स्मृती या वास्तूत महात्मा गांधींनी अखेरचे 144 दिवस व्यतीत केले. 30 जानेवारी 1948 रोजी तेथेच त्यांची हत्या झाली. तीन मूर्ती परिसरात 2022 मध्ये प्रधानमंत्री संग्रहालय सुरू झाले. अलीपूर मार्गावरील 26 क्रमांकाच्या निवासस्थानी 6 डिसेंबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. तेथे उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक 2018 मध्ये उभे राहिले. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी ते चुकवू नये.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळचा वेळ वाया जाऊ शकतो. लाल किल्ला आणि बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस कुतुबमिनार व हुमायूनच्या कबरीसाठी राखावा. कुतुबमिनार आणि लाल किल्ला या दोन्ही ठिकाणी त्यांच्याच नावाची मेट्रो स्थानके आहेत. एका दिवसात दोनच स्थळे पाहावीत. दिल्लीत जे उभे आहे ते पाहायला वेळ लागतोच, पण जे नाहीसे झाले ते ओळखायला त्याहून अधिक लागतो.