काउंटरपलीकडची निवड : गिरगावची वाचनालये आणि पुस्तक सुचवण्याची रीत

मराठी वाचकाने काय वाचावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने विद्वानांनी आणि सुधारकांनी हाताळला. पुढे वर्गणीदार वाचनालये रुजली, तसा तो त्या वाचनालयांच्या काउंटरवर बसणाऱ्या, बहुधा अल्पवेतनी आणि इतिहासात नावाने न उरलेल्या सेवकांकडे आला. गिरगावात हे स्थित्यंतर विशेष ठळकपणे दिसते, कारण मुद्रण, प्रकाशन आणि वाचन ही तिन्ही अंगे येथे हाकेच्या अंतरावर नांदत होती. काळबादेवीला जावजी दादाजींचा 1869 साली सुरू झालेला निर्णयसागर छापखाना होता आणि पुढे खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरो उभा राहिला. या दोहोंच्या आसपासच्या चाळींतील कुटुंबांच्या एक-दोन खोल्यांत मात्र पुस्तकांच्या कपाटाला जागा नव्हती.

सुधारकांचा सल्ला बहुतांशी निषेधाच्या रूपात येई. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (1861) या कादंबरीपासून अद्भुतरम्य कथानकांची जी लाट आली, तिच्यातील असंभाव्यतेवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली नावल व नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात कोरडे ओढले. मुलांसाठीचा सल्ला त्या मानाने विधायक होता. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकाने कोणत्या वयाला काय द्यावे याचा एक नमुनाच घालून दिला, आणि बालवाचक हा स्वतंत्र वाचकवर्ग असल्याचे मराठीत ठसवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

रत्नागिरीत 1828 पासून ग्रंथालय होते, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1 ऑगस्ट 1898 रोजी स्थापन झाले. नायगावला मोठी वास्तू असलेल्या या मुंबईच्या संस्थेची ठाकूरद्वारची शाखा गिरगावकर वाचकांच्या रोजच्या वाटेवरची ठरली. मराठी ग्रंथांचा संग्रह व जतन हा अशा संस्थांचा मूळ उद्देश असला, तरी त्यांचा संसार चालला तो घरी पुस्तक नेणाऱ्या वर्गणीदारांवर, आणि या वर्गणीदारांची आवड संस्थापकांच्या आवडीशी नेहमी जुळतेच असे नव्हते.

सुचवण्याची रीत जन्मली ती बंद कपाटांच्या पद्धतीतून, म्हणजे वाचकाला आत जाऊन पुस्तके चाळू न देता मागणीप्रमाणे सेवकाने ती काढून देण्याच्या व्यवस्थेतून. वाचक सूचीतील चार-सहा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देई, त्यांतले नेमके हवे ते बाहेर गेलेले असे, आणि मग ‘तुम्हीच काहीतरी चांगलं द्या’ अशी विनंती होई. घरातल्या बायकांची पुस्तके बदलून आणायला शाळकरी मूल येई, तेव्हा तर निवड सर्वस्वी सेवकाचीच असे. आजोबांना चरित्र किंवा ऐतिहासिक कादंबरी, आईला कौटुंबिक कादंबरी आणि निरोप्यालाही एखादे गोष्टीचे पुस्तक, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असे. पुस्तकापेक्षा घराची माहिती त्याला अधिक असे, आणि हीच त्याची खरी विद्या म्हणावी लागेल.

त्याला दुसरा आधार होता तो पुस्तकातच चिकटवलेल्या तारीखपत्राचा, म्हणजे परतीच्या तारखांचे शिक्के उमटवण्याच्या कागदाचा. शिक्क्यांनी गच्च भरलेले, वर दुसरा कागद डकवावा लागलेले तारीखपत्र कोणत्याही परीक्षणापेक्षा बोलके असे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘छान आहे’, ‘शेवट रडवतो’ असे शेरे मारणारे वाचक नियमभंग करीत, हे खरे. पण पुढच्या वाचकाला त्यांचा उपयोग होई. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथांना तर शिफारशीची गरजच नव्हती. तेथे सेवकाचे काम उलटे, म्हणजे त्या वाचकाला हळूच दुसऱ्या लेखकाकडे वळवण्याचे असे. हे वळवणे कितपत साधले, याविषयी फार आशावादी राहण्याचे कारण नाही.

रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, या दोन नियमांत गिरगावच्या काउंटरवरचा हाच व्यवहार तत्त्वरूपाने आला आहे. त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याचा, आग्रह धरला. ती जेथे आली तेथे निवड वाचकाच्या हाती गेली आणि सेवकाच्या तोंडी सल्ल्याची जागा दर्शनी फळ्यावर लिहिलेल्या नव्या पुस्तकांच्या यादीने बरीचशी घेतली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला आणि पुढे अनुदान अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळू लागले. हे वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या आणि नियतकालिकांची संख्या मोजता येते, पण योग्य माणसाला योग्य पुस्तक दिल्याची नोंद कोणत्याच रकान्यात बसत नाही.

जुनी रीत त्यातल्या त्यात टिकली ती दिवाळी अंकांच्या योजनेत. ठरावीक वर्गणी भरून वाचकाने हंगामभर अंक आळीपाळीने न्यायचे, अशी ही व्यवस्था असते. अंक अनेक, प्रती मोजक्या आणि मागणी एकाच वेळी, यामुळे कोणाला कथांचा, कोणाला विनोदाचा, कोणाला वैचारिक लेखांचा आणि कोणाला केवळ राशिभविष्याचा अंक पुढे करायचा, हे काउंटरवरच्या माणसालाच ठरवावे लागते.