महाधमनीचे आजार आणि मानसिक आरोग्य

महाधमनी म्हणजे एओर्टा ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हृदयातून निघून ती छातीत कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत पोटात उतरते. तिची भिंत तीन थरांची असते. ही भिंत अशक्त होऊन फुगली की त्या फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. आतला थर चिरून रक्त थरांच्या मध्ये शिरले की ते डिसेक्शन. या आजारांचा रुग्णाच्या मनावर काय परिणाम होतो आणि मनावरचे उपचार महाधमनीच्या उपचारांशी कसे जुळवायचे, याचा अभ्यास ही संशोधनाची तुलनेने नवी शाखा आहे. डिसेक्शनवरच्या यशस्वी शस्त्रक्रिया 1950च्या दशकात सुरू झाल्या. वाचलेल्या माणसाला झोप लागते का, हे मात्र बराच काळ कोणी नेमाने विचारले नाही.

त्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक, ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डी-बेकी, पुढे स्वतःच या आजाराचे रुग्ण झाले. डिसेंबर 2005मध्ये, वयाच्या 97व्या वर्षी, घरी असताना त्यांना छातीत आणि मानेत तीव्र कळ आली आणि दुखणे काय आहे हे त्यांनी लगेच ओळखले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली. फेब्रुवारी 2006मध्ये त्यांची शुद्ध हरपली, तेव्हा पत्नीच्या आग्रहानंतर रुग्णालयाच्या नीतिसमितीची बैठक झाली आणि ऑपरेशन झाले. अनेक महिन्यांच्या उपचारांनंतर ते बरे होऊन कामावर परतले आणि 2008पर्यंत जगले. निर्णय घेताना रुग्णाच्या मनात काय चाललेले असते, हा प्रश्न ज्या माणसाने ही विद्या घडवली त्याच्याच खाटेपाशी उभा राहिला होता.

चढत्या महाधमनीतले डिसेक्शन, म्हणजे स्टॅनफर्ड वर्गीकरणातला ‘अ’ प्रकार, तातडीची शस्त्रक्रिया मागते. उतरत्या भागातले, ‘ब’ प्रकारचे, गुंतागुंत नसेल तर आधी औषधांनी सांभाळतात. दोन्हींत वाचलेला रुग्ण आजारातून पूर्ण सुटत नाही. ऑपरेशनने फाटका भाग बदलला तरी पुढची चिरलेली महाधमनी बहुधा तशीच राहते. मग आयुष्यभर रक्तदाब ताब्यात ठेवायचा, ठरावीक काळाने सीटी किंवा एमआरआय करायचा, श्वास कोंडून जड वजन उचलायचे नाही. प्रत्येक स्कॅनच्या आधीचे दिवस अनेकांना खायला उठतात. पाठीत साधी उसण भरली तरी पुन्हा तेच होतेय की काय, या शंकेने जीव घाबरा होतो. वेदनेचा तो क्षण स्वप्नात परत येणे, रुग्णालयाचे नाव काढताच धडधडणे, एकटे राहायची भीती वाटणे ही आघातोत्तर ताणविकाराची लक्षणे आहेत. ती स्वभावाची दुर्बलता नव्हे.

अमेरिकेत डिसेक्शनमधून वाचलेल्यांचे एक सर्वेक्षण 2015 साली प्रसिद्ध झाले. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी आजारानंतर नव्याने नैराश्य किंवा चिंता सुरू झाल्याचे सांगितले. नमुना लहान होता, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. भीतीपोटी माणसे हालचालच सोडून देतात. खरे तर चालण्यासारखा बेताचा व्यायाम रक्तदाबालाही हितकारक असतो आणि मनालाही. ‘हे करू नका’ची यादी हातात देताना ‘हे करा’ची यादी दिली नाही, तर रुग्ण खुर्चीला खिळतो. हा दोष रुग्णाचा नाही, सल्ल्याचा आहे.

फुगवटा आहे पण अजून ऑपरेशनइतका मोठा नाही, अशा रुग्णांची अवस्था वेगळी. पोटातल्या फुगवट्यासाठी पुरुषांत साधारण 5.5 सेंटीमीटर ही शस्त्रक्रियेची मर्यादा धरतात. तोवर वाट पाहायची. तपासणी करून लोकांच्या मनात विनाकारण धास्ती घालतो आहोत का, याचा शोध ब्रिटनमधल्या ‘मास’ या चाचणीने घेतला. 65 ते 74 वयाचे सुमारे 67,800 पुरुष तीत होते. निष्कर्ष 2002मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात फुगवट्यामुळे होणारे मृत्यू 42 टक्क्यांनी कमी झाले आणि चिंतेवर किंवा जीवनमानावर मोठा, टिकणारा वाईट परिणाम दिसला नाही. नीट समजावून सांगितलेली माहिती माणसाला पेलते, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

औषधांच्या बाबतीत हृदयरोगाचे आणि मनोविकारांचे डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत तर धोका संभवतो. महाधमनीच्या रुग्णाला रक्तदाब आवरण्यासाठी बहुतेक वेळा बीटा-ब्लॉकर हे औषध दिले जाते. त्याने नैराश्य येते, ही समजूत जुनी आहे. 2021मध्ये पन्नास हजारांहून अधिक रुग्णांच्या आकडेवारीचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात नैराश्याशी संबंध आढळला नाही. विचित्र स्वप्ने आणि झोपेच्या तक्रारी मात्र आढळल्या. नैराश्यावरचे व्हेन्लाफॅक्सिन रक्तदाब वाढवू शकते, म्हणून इथे ते जपून वापरावे लागते. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेत असेल, तर नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी गोळी बंदच ठेवायची असे नाही. रक्त गोठण्याचे मोजमाप, म्हणजे आयएनआर, अधिक वेळा तपासायचे.

भारतात हा विषय तरुण स्त्रियांपर्यंत पोहोचतो. ताकायासू आर्टेरायटिस या आजारात महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येते, रोगिणी बहुधा चाळिशीच्या आतल्या असतात, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियात तो जास्त दिसतो. आजार किती सक्रिय आहे हे मोजण्यासाठी भारतीय डॉक्टरांनी ‘आयटास 2010’ ही गुणपद्धती तयार केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा तीत मोठा वाटा आहे. उपचारांत स्टेरॉइड लागतात आणि मोठ्या मात्रेत ती झोप उडवतात, मन सैरभैर करतात. बॉस्टनच्या 1972 सालच्या अभ्यासात रोज 80 मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 18.4 टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला. 40 मिलिग्रॅम किंवा कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण 1.3 टक्के होते. घरच्यांना हे आधी सांगितले, तर चिडचिडणाऱ्या सुनेला किंवा मुलीला नावे ठेवली जाणार नाहीत.

मानसिक आरोग्य हा संशोधनाचा विषय व्हावा, ही मागणी मुख्यतः रुग्णांनी रेटली. अमेरिकेत ‘एओर्टिक डिसेक्शन कोलॅबोरेटिव्ह’मध्ये रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर एकत्र बसून संशोधनाचे प्रश्न ठरवू लागले. 2022च्या अमेरिकी हृदयरोग मार्गदर्शिकेने महाधमनीच्या लक्षणीय आजारात चिंता, नैराश्य आणि आघातोत्तर ताण यांची चाचपणी करावी आणि गरजेप्रमाणे आधार द्यावा, असे म्हटले. पीएचक्यू-9 आणि जीएडी-7 या छोट्या प्रश्नावल्या त्यासाठी हाताशी आहेत; त्या भरायला काही मिनिटे पुरतात. कोणती समुपदेशनपद्धती या रुग्णांना सर्वाधिक उपयोगी पडते, यावर मात्र मोठ्या चाचण्यांची गरज आहे.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. डिसेक्शनची कळ पोटदुखी, फ्लू किंवा घबराट समजून रुग्णाला घरी पाठवल्याचे प्रकार घडले आहेत. नाटककार-संगीतकार जोनाथन लार्सन यांना जानेवारी 1996मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांतून असेच परत पाठवले गेले आणि ‘रेंट’च्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा छातीत किंवा पाठीत अचानक, फाटल्यासारखी तीव्र वेदना झाली तर तिला चिंता समजू नये. लगेच 108 ला फोन करावा आणि महाधमनीचा आजार घरात कोणाला असल्यास तो डॉक्टरांना सांगावा. तातडीचा धोका नाही अशी खात्री झाल्यावरही भीती, उदासी किंवा निद्रानाश टिकून राहिला, तर हृदयरोगतज्ज्ञांना तसे मोकळेपणाने सांगावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा क्रमांक 14416 आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.