डाय, किडनी आणि मिठाचं पाणी

मनीषनगरातल्या या व्याख्यानात आज आपण विषय थोडा उलटा धरू. अँजिओग्राफी हृदयाची, पण बोलायचं किडनीबद्दल. कारण तपासणी ठरली की घरात पहिला प्रश्न येतो तो हाच, "डायने किडनी तर जाणार नाही ना?"

गंमत बघा, हा डाय मुळात मूत्रमार्ग पाहण्याच्या खटपटीतून आला. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आयोडीनचं औषध घेणाऱ्या रुग्णांचं मूत्राशय एक्स-रेत उठून दिसलं. आयोडीन एक्स-रे अडवतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे किडनीवर भार हा पहिल्या दिवसापासूनचाच.

हृदयापर्यंत तो पोचला अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८, क्लीव्हलँड. डॉ. मेसन सोन्स महाधमनीत डाय सोडणार होते, पण नळीचं टोक उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं. सुमारे ३० मिलिलिटर डाय आत गेला, हृदय काही सेकंद थांबलं, रुग्णाला खोकायला लावलं आणि ते पुन्हा चालू झालं! पुढे १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंट्झिग यांनी फुग्याने धमनी उघडली आणि डायचा वापर वाढतच गेला.

जुना डाय रक्ताच्या कितीतरी पट तीव्र असायचा. स्वीडनच्या तोर्स्टन आल्मेन यांना समुद्रात पोहताना प्रश्न पडला, असं सांगतात : खाऱ्या पाण्याने डोळे झोंबतात, कमी खाऱ्याने नाही, मग डायही सौम्य का करू नये? त्यातूनच आजचे सौम्य डाय आले.

आता खरी गोष्ट. किडनी वाचवायला डॉक्टरांनी काय काय नाही करून पाहिलं! लघवी वाढवली की डाय धुऊन निघेल, असा तर्क होता. १९९४ मध्ये किडनी कमजोर असलेल्या ७८ रुग्णांवर तो तपासला. नुसत्या सलाईनवर ११ टक्के रुग्णांची किडनी बिघडली, सोबत मॅनिटॉल दिलेल्यांत २८, आणि लघवीचं फ्युरोसेमाइड दिलेल्यांत ४० टक्के. मदत म्हणून दिलेलं औषधच नडलं. मग २००० साली ॲसिटिलसिस्टीन आलं, स्वस्त, म्हणून जगभर चाललं. सोडा बायकार्बोनेटही आलं. २०१७ मध्ये सुमारे ५,००० रुग्णांवरच्या अभ्यासात दोन्हींचा काही फायदा दिसला नाही. हाती उरलं साधं मिठाचं पाणी, आणि डाय कमीत कमी वापरणं.

आपल्या नागपुरात हे जास्त लागू पडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पेशंट यवतमाळहून, गडचिरोलीहून बसने येतो, रात्रीपासून पोटात ना अन्न ना पाणी. ही कोरडी किडनी आम्हाला डायइतकीच घातक वाटते. "उपाशी या" म्हणजे पाणीही बंद का, आणि कधीपासून, हे आधीच विचारून घ्या. हृदय कमजोर असेल तर मात्र पाणी किती, हे डॉक्टरच सांगतील. क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सोबत आणा. गुडघेदुखीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, जे चालू असेल ते सांगा.

आणि हे सगळं ठरवून होणाऱ्या तपासणीसाठी, बरं का. मोठा हार्ट अटॅक आला असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, आधी बंद धमनी उघडायची.