खाणावळीची बाकी

गेल्या महिन्यात गावी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, ट्रंक उघडली. गिरणीचा बिल्ला, युनियनच्या दोन पावत्या आणि एक चिठ्ठी निघाली. 'खाणावळ, दोन महिने बाकी. मार्च ८२.' आबा संपात होते हे आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत. ही बाकी मात्र कुणालाच माहीत नव्हती.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

मुंबईत कापडगिरणी आली ती १८५० च्या दशकात. मग परळ, लालबाग, वरळी, भायखळा असं गिरणगाव वसत गेलं. कामगार कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकापोरं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. जेवायचं कुठे? तर खाणावळीत. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे हं! चाळीतलीच एखादी बाई आपल्या खोलीत स्टोव्हवर महिन्याच्या बोलीने दोन वेळचं रांधायची.

खाणावळ निवडायची ती गाव बघून. रत्नागिरीवाल्याला भात आणि माशाचं कालवण, सातारकराला भाकरी आणि झणझणीत आमटी. त्या पंगतीतच गावची खबर मिळायची, कुठल्या खात्यात बदली कामगार हवाय ते कळायचं. कुणी कुणाच्या पंगतीला बसायचं नाही, हे नियमही गावाहून ताटाबरोबर आले होते. तेही सांगायलाच हवं.

आणि या बायका कोण? एकेकाळी गिरण्यांत बायकाही बऱ्याच होत्या. १९३० नंतर त्यांची कामं हळूहळू जात गेली. मग घर चालवायला अनेकींनी चूल हाच धंदा केला.

हा धंदा उधारीवर चालायचा. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, तोवर वाण्याची उधारी. वाणी थांबेना की सावकार, नाहीतर डाग गहाण. म्हणजे गिरणी बंद पडली की पहिला फटका या बाईला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं, पण खाणावळवालीला दारात कोण उभं करणार? मंडळाने ते कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचा फास सैल केला.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचा इतिहास लिहिताना मालक, सरकार, सामंत, सगळे येतात. पण पगार बंद झाल्यावर माणसं जेवली कुठे?

आबांच्या चिठ्ठीत त्याचं उत्तर आहे. जानेवारी ते मार्च त्यांना कुणीतरी एक पैसा न घेता दोन वेळ जेवू घातलं. मग ते गावी आले ते कायमचेच. बाकी फेडली की नाही, आत्यालाही ठाऊक नाही. चाळीच्या जागी आता टॉवर आहे.

चिठ्ठीत बाईचं नाव नाही. मुंबईच्या काकांना एवढंच विचारायचंय, तुम्ही लहानपणी आबांबरोबर तिथे जेवलायत ना? नाव आठवतंय का?